छायाचित्रणाचे शिक्षण व स्वतंत्र स्टुडिओ

छायाचित्रणाची विद्या संपादन करणाऱ्या विद्यार्थ्याने गुरूच्या, मालकाच्या वा शिक्षणसंस्थेच्या आश्रयातून बाहेर पडून स्वतःच्या नावावर, स्वतःच्या साधनांनी व स्वतःच्या जबाबदारीवर व्यवसाय उभा करणे, ही छायाचित्रणाच्या इतिहासात पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेली प्रक्रिया आहे. चित्रकला व शिल्पकला यांमध्ये गुरूच्या कार्यशाळेत उमेदवारी करून पुढे स्वतंत्र होण्याची परंपरा फार जुनी होती. छायाचित्रण ही कला मात्र १८३९ मध्ये जगापुढे आली, तेव्हा तिच्यामागे कोणतीही परंपरा नव्हती. तीत गुरू कोणाला मानावे, विद्या कोठे शिकावी, साधनांचा खर्च कोणी सोसावा आणि तयार झालेल्या चित्राखाली नाव कोणाचे असावे, हे सर्वच प्रश्न नव्याने सोडवावे लागले. त्यांपैकी कौशल्य, भांडवल व नाव हे तीन प्रश्न प्रत्येक पिढीतील विद्यार्थ्यापुढे या ना त्या स्वरूपात उभे राहिले. तंत्र बदलत गेले तशी त्यांची उत्तरे बदलली; पण प्रश्न कायम राहिले.

प्रारंभकाळ : लूई दागेर (१७८७–१८५१) याच्या पद्धतीची कृती १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे जाहीर करण्यात आली. फ्रेंच शासनाने दागेर व त्याचा दिवंगत सहकारी निएप्स याचा मुलगा यांना निवृत्तिवेतन देऊन ही पद्धती सर्वांना खुली केली. इंग्लंडमध्ये मात्र तिचे एकस्व (पेटंट) घेण्यात आले होते. त्यामुळे तेथे व्यवसाय करू इच्छिणाऱ्यास आधी परवाना विकत घ्यावा लागे. रिचर्ड बिअर्ड याने असे हक्क संपादन करून मार्च १८४१ मध्ये लंडन येथील रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनच्या छपरावर व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ उघडला. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट (१८००–७७) याने आपल्या कॅलोटाइप पद्धतीचे एकस्व १८४१ मध्येच घेतले. म्हणजेच इंग्लंडमधील उमेदवारास केवळ विद्या येऊन भागत नव्हते. ती वापरण्याची परवानगीही विकत घ्यावी लागत होती.

हे बंधन पुढील दशकात सुटले. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने आपली कोलोडियन पद्धती १८५१ मध्ये प्रसिद्ध केली व तिचे एकस्व घेतले नाही. ही पद्धतीदेखील आपल्याच एकस्वात मोडते, असा दावा टॅल्बटने लारोश या व्यावसायिकाविरुद्ध केला. परंतु डिसेंबर १८५४ मध्ये ज्यूरीने लारोशच्या बाजूने निर्णय दिला. त्यानंतर अल्प भांडवलाच्या माणसालाही या व्यवसायात पाऊल टाकणे शक्य झाले. याच वर्षी फ्रान्समध्ये दिस्देरी याने भेटपत्राच्या आकाराच्या लहान छायाचित्रांचे एकस्व घेतले. एकाच काचेवर अनेक प्रतिमा घेण्याच्या या युक्तीमुळे व्यक्तिचित्रांची किंमत उतरली, ग्राहक वाढले आणि मोठ्या शहरांत स्टुडिओंची संख्याही झपाट्याने वाढली.

उमेदवारीची पद्धती : एकोणिसाव्या शतकात बहुतेक विद्यार्थी चालू स्टुडिओत काम करीतच शिकत. काच घासूनपुसून स्वच्छ करणे, तिच्यावर कोलोडियनचा सारखा थर देणे, ती ओली असेतो चित्र घेऊन लगेच अंधाऱ्या खोलीत विकसित करणे, उन्हात कागदावर प्रती काढणे, त्या धुणे व पुठ्ठ्यावर चिकटविणे ही कामे उमेदवाराकडे असत. मोठ्या स्टुडिओत श्रमविभाग इतका काटेकोर असे, की एखादा कामगार वर्षानुवर्षे एकच काम करी. मुख्य कॅमेरा व ग्राहकाची बैठक मात्र मालकाच्या किंवा त्याने नेमलेल्या अनुभवी छायाचित्रकाराच्या हाती राही. छपराच्या काचांतून येणारा, शक्यतो उत्तरेकडील स्थिर प्रकाश पडद्यांच्या साहाय्याने कसा वळवावा, बसलेल्या व्यक्तीचा संकोच कसा घालवावा व किती वेळ तिला निश्चल ठेवावे, हे ज्ञान पाहूनच आत्मसात करावे लागे. स्वतंत्र होण्याची पात्रता मुख्यतः याच ज्ञानावर अवलंबून असे.

गुरुशिष्य-परंपरेची काही उदाहरणे प्रारंभकाळातही आढळतात. अमेरिकन चित्रकार व तारायंत्राचा संशोधक सॅम्युएल मोर्स (१७९१–१८७२) याने न्यूयॉर्क येथे दागेरच्या पद्धतीचे पाठ दिले. बॉस्टन येथे हॉझ याच्या भागीदारीत नावारूपास आलेला ॲल्बर्ट साउथवर्थ हा त्याचा विद्यार्थी होता. मॅथ्यू ब्रेडी याचीही त्याच्या शिष्यांत गणना केली जाते. पॅरिसमध्ये गुस्ताव्ह ल ग्रे (१८२०–८४) याच्याकडे आंरी ल सेक, शार्ल नेग्र, माक्सीम द्यू कां यांसारखे विद्यार्थी शिकले. ल ग्रे हा श्रेष्ठ कलावंत व उत्कृष्ट शिक्षक होता; पण बूलव्हार दे काप्यूसीनवरील त्याचा भपकेदार स्टुडिओ आर्थिक दृष्ट्या टिकला नाही. १८६० मध्ये तो फ्रान्स सोडून गेला आणि अखेरीस कैरो येथे स्थायिक झाला. कलेतील प्रभुत्व आणि व्यवसाय चालविण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

नावाचा प्रश्न : स्टुडिओतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चित्रावर मालकाचे नाव छापण्याची रीत होती. त्यामुळे सहायकाने घेतलेले चित्रही मालकाचे म्हणूनच ओळखले जाई. अमेरिकेच्या यादवी युद्धातील अँटीटमच्या रणभूमीची १८६२ मधील चित्रे अलेक्झांडर गार्डनर (१८२१–८२) व त्याचा सहकारी यांनी घेतली. परंतु न्यूयॉर्क येथे ती ब्रेडीच्या दालनात ब्रेडीच्या नावाखाली प्रदर्शित झाली. गार्डनरने पुढे ब्रेडीचा आश्रय सोडून १८६३ मध्ये वॉशिंग्टन येथे स्वतःचा स्टुडिओ काढला. १८६६ मध्ये त्याने युद्धविषयक १०० छायाचित्रांचा संग्रह दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक चित्र कोणी घेतले व त्याची प्रत कोणी काढली, हे त्याने आवर्जून नमूद केले. सहायकाचे नाव नोंदविण्याचा हा प्रघात त्या काळी अपवादात्मक होता. टिमथी ओसलिव्हन याच्या कामाची ओळख टिकून राहण्यास त्याचे मोठे साहाय्य झाले.

नावाला किती मोल होते, याचे प्रत्यंतर फ्रान्समधील एका खटल्यातही येते. फेलिक्स तूर्नाशाँ ऊर्फ नादार (१८२०–१९१०) याने आपला धाकटा भाऊ आद्रियँ यास ल ग्रेकडे छायाचित्रण शिकविण्याची व्यवस्था केली होती. पुढे दोघांत बेबनाव झाला आणि आद्रियँ स्वतःस ‘धाकटा नादार’ म्हणवून व्यवसाय करू लागला. फेलिक्सने त्याच्याविरुद्ध दाद मागितली व १८५७ मध्ये ‘नादार’ या नावावरील त्याचा एकट्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. कायद्यानेही हळूहळू छायाचित्रकारास ग्रंथकर्त्याचा दर्जा दिला. इंग्लंडमध्ये १८६२ च्या व अमेरिकेत १८६५ च्या अधिनियमाने छायाचित्रांस संरक्षण मिळाले. नेपोलियन सॅरोनी याने घेतलेल्या ऑस्कर वाइल्डच्या व्यक्तिचित्राबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये निर्णय दिला. बैठक, वेशभूषा, प्रकाश व भाव यांची योजना करणारा छायाचित्रकार हा त्या चित्राचा कर्ता होय, हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले.

भारतातील आरंभ : भारतात छायाचित्रणाचे संस्थात्मक शिक्षण विस्मयकारक रीत्या लवकर सुरू झाले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्या सभासदांपैकी एक होते. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, एल्‌फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग उघडण्यात आला. तो दीर्घकाळ चालला नाही. तथापि त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढून तो १८८० च्या सुमारापर्यंत चालविला. १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनातही त्यांची चित्रे मांडली गेली. शिक्षणसंस्थेतील वर्गात विद्या घेऊन स्वतःच्या नावाने व्यवसाय करणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना करावी लागते. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही कुशल छायाचित्रकार होते व सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर त्यांनी काम केले.

मद्रास येथे डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी १८५० मध्ये स्थापन केलेल्या कलाशाळेतही छायाचित्रण शिकविले जाऊ लागले. या शाळेतील सी. अय्यास्वामी याने शासकीय छायाचित्रकार लिनिअस ट्राइप याचा सहायक म्हणून काम केले. ट्राइपची चित्रे आज जगातील अनेक संग्रहालयांत आहेत. त्याच्या सहायकाचा उल्लेख मात्र अभ्यासकांच्या लेखनापलीकडे क्वचितच आढळतो. मुंबईतील विद्यार्थ्याने आपल्या नावाची पाटी लावली, मद्रासमधील विद्यार्थी दुसऱ्याच्या नावामागे राहिला. दोघांची विद्या एकाच प्रकारची होती. इतिहासातील स्थान मात्र वेगळे झाले.

लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचा मार्ग याहून निराळा होता. त्यांचे शिक्षण रुडकी येथील टॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस असताना १८७४ च्या सुमारास ते छायाचित्रणाकडे वळले. सर हेन्री डेली व सर लेपेल ग्रिफिन या अधिकाऱ्यांचा त्यांना आश्रय मिळाला. नोकरीचे वेतन चालू असताना त्यांनी हस्तगत केलेल्या कौशल्याला ग्राहक आहे, याची खात्री पटल्यानंतरच १८८५ मध्ये त्यांनी दीर्घ रजा घेतली व पुढे राजीनामा दिला. इंदूर, सिकंदराबाद व १८९६ पासून मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ मध्ये हैदराबाद येथे स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला व त्याची व्यवस्था एका इंग्रज महिलेकडे सोपविली. ग्राहकाच्या सामाजिक गरजेतून व्यवसायाचे नवे क्षेत्र कसे निर्माण होते, हे त्यावरून दिसते.

शाळांचा उदय व स्त्रियांचा प्रवेश : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमेदवारीची जागा काही अंशी शाळांनी घेतली. व्हिएन्ना येथे योझेफ मारिया एडर याच्या नेतृत्वाखाली १८८८ मध्ये छायाचित्रण व मुद्रण यांची प्रसिद्ध संस्था सुरू झाली. म्यूनिक येथील संस्था १९०० मध्ये निघाली. या संस्थांची द्वारे प्रारंभी स्त्रियांना बंद होती. म्यूनिकने १९०५ मध्ये व व्हिएन्नाने १९०८ मध्ये ती खुली केली. बर्लिन येथील लेटे संघाने मात्र १८९० मध्येच स्त्रियांसाठी छायाचित्रणाची शाळा काढली होती.

डोरा कालमुस (१८८१–१९६३) हिची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. व्हिएन्ना येथील संस्थेत तिला फक्त तात्त्विक व्याख्याने ऐकण्याची मुभा मिळाली; प्रत्यक्ष काम शिकण्यासाठी तिला बर्लिन येथील निकोला पेरशाइड याच्या स्टुडिओत जावे लागले. तेथील सहायक आर्थर बेंडा यास बरोबर घेऊन तिने १९०७ मध्ये व्हिएन्नात ‘दोरा’ या नावाने स्टुडिओ उघडला. तांत्रिक बाजू बेंडाने सांभाळावी आणि व्यक्तीची बैठक, निवड व ग्राहकसंबंध तिने पाहावेत, अशी विभागणी होती. शिक्षणातील जी उणीव तिच्यावर लादली गेली होती, ती तिने भागीदारीने भरून काढली. १९२० नंतरच्या दशकात तिने पॅरिस येथेही स्टुडिओ थाटला.

न्यूयॉर्क येथे क्लॅरेन्स व्हाइट (१८७१–१९२५) याने १९१४ मध्ये छायाचित्रणाची शाळा स्थापन केली. त्यापूर्वीपासून तो कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात शिकवीत असे. विद्यार्थ्यावर आपली शैली न लादता त्याची दृष्टी घडविणे, हे त्याच्या अध्यापनाचे वैशिष्ट्य होते. पॉल आउटरब्रिज, लॉरा गिल्पिन, मार्गारेट बर्क-व्हाइट व डॉरोथिआ लँग हे त्याचे विद्यार्थी परस्परांपासून अगदी भिन्न मार्गांनी गेले, यातच त्या पद्धतीचे यश दिसते.

तीन स्टुडिओ : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील तीन उदाहरणांवरून स्वतंत्र होण्याच्या वाटा व त्यांवरील अडचणी स्पष्ट होतात.

डॉरोथिआ लँग (१८९५–१९६५) हिने व्हाइटच्या वर्गाखेरीज न्यूयॉर्कमधील व्यावसायिक स्टुडिओंतही उमेदवारी केली होती. जगप्रवासाच्या हेतूने ती १९१८ मध्ये मैत्रिणीसह निघाली; परंतु सॅन फ्रॅन्सिस्को येथे पैसे चोरीस गेल्याने तिला तेथेच छायाचित्रे धुऊन देणाऱ्या दुकानात नोकरी पतकरावी लागली. या नोकरीतून झालेल्या ओळखींतून तिला भांडवल मिळाले व १९१९ मध्ये तिने व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ काढला. श्रीमंत कुटुंबांच्या आश्रयावर तो चांगला चालला. महामंदीच्या काळात स्टुडिओच्या खिडकीतून दिसणारे बेकार लोक आणि आत बसलेले ग्राहक यांतील अंतर तिला असह्य झाले. १९३३ मध्ये तिने अन्नछत्रापुढील रांगेचे प्रसिद्ध चित्र घेतले व पुढे स्टुडिओ बंद करून १९३५ पासून शासकीय प्रकल्पांसाठी काम केले. १९३६ मधील स्थलांतरित मातेचे जगप्रसिद्ध चित्र याच काळातील आहे. शासनासाठी घेतलेल्या चित्रांच्या ऋणप्रती मात्र शासनाच्या मालकीच्या झाल्या. स्टुडिओत तिला चित्राचा विषय ग्राहकाच्या पैशानुसार स्वीकारावा लागे. शासकीय कामात विषय तिला मोलाचे वाटणारे होते, पण चित्रांवरील ताबा गेला. एक स्वातंत्र्य मिळविताना दुसरे सोडावे लागले.

बेरनिस ॲबट (१८९८–१९९१) ही १९२३ मध्ये पॅरिस येथे मॅन रे याची अंधारखोलीतील सहायक झाली. छायाचित्रणाचे काहीही ज्ञान नसलेली व्यक्ती त्याला हवी होती. तिने प्रती काढता काढता प्रकाशाची जाण मिळविली आणि त्याच्याच स्टुडिओत फावल्या वेळी स्वतःची व्यक्तिचित्रे घेऊ लागली. तिच्याकडे येणारे ग्राहक वाढले, तेव्हा गुरुशिष्यांत तणाव निर्माण होणे स्वाभाविक होते. १९२६ मध्ये मित्रमंडळींच्या आर्थिक साहाय्याने तिने रू द्यू बाक येथे आपला स्टुडिओ उघडला व त्याच वर्षी तिच्या व्यक्तिचित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. जेम्स जॉइस, झां कॉक्तो आदींची तिने घेतलेली चित्रे विख्यात आहेत. पुढे तिने न्यूयॉर्क येथील न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च या संस्थेत अनेक वर्षे अध्यापन केले.

तिसरे उदाहरण बर्लिनचे आहे. ग्रेटे श्टेर्न (१९०४–९९) व एलन रोझेनबेर्ग, विवाहानंतर आउअरबाख (१९०६–२००४), या दोघी व्हाल्टर पेटरहान्स याच्या खाजगी विद्यार्थिनी होत्या. चित्र घेण्यापूर्वीच त्यातील प्रत्येक वस्तू, पोत व छटा मनाशी निश्चित करावी, अशी त्याची शिकवण होती. १९२९ मध्ये पेटरहान्स याची बौहाउस या संस्थेत नेमणूक झाली. तेव्हा श्टेर्नने वारसाहक्काने आलेल्या रकमेतून त्याची साधनसामग्री विकत घेतली आणि दोघींनी ‘रिंगल व पिट’ या नावाने स्टुडिओ काढला. ही त्यांची बालपणीची टोपणनावे होती. जाहिराती, वस्तुचित्रे व व्यक्तिचित्रे या तिन्ही प्रकारचे काम त्या करीत व ते कोणी केले हे वेगळे न दाखविता संयुक्त नावाने प्रसिद्ध करीत. केशतेलाच्या एका जाहिरातीत त्यांनी पुतळ्याच्या मस्तकाशेजारी बाटली धरलेला खरा मानवी हात दाखविला. जाहिरातीतील आदर्श स्त्रीची सूक्ष्म थट्टाही त्यातून साधली गेली. १९३३ मध्ये ब्रूसेल्स येथील प्रदर्शनात त्यांच्या एका जाहिरातचित्रास प्रथम पारितोषिक मिळाले. पण त्याच वर्षी नाझींच्या सत्ताग्रहणामुळे या दोन्ही ज्यू स्त्रियांना जर्मनी सोडावा लागला. आउअरबाखने तेल अवीव्ह येथे मुलांच्या छायाचित्रांचा स्टुडिओ काढून पाहिला व अखेरीस ती अमेरिकेत गेली. श्टेर्न लंडनमार्गे ब्वेनस एअरीझ येथे स्थायिक झाली. तेथील एका स्त्रियांच्या साप्ताहिकासाठी १९४८ ते १९५१ या काळात तिने वाचक स्त्रियांच्या स्वप्नांवर आधारित जोडचित्रांची मालिका केली. स्टुडिओ गेला, देश सुटला; परंतु पेटरहान्सकडे घडलेली दृष्टी व दोघींनी मिळून कमावलेला आत्मविश्वास त्यांच्याबरोबर गेला.

उत्तरकालीन स्थिती : दुसऱ्या महायुद्धानंतर छायाचित्रणाचा अंतर्भाव कलाशाळा व विद्यापीठे यांच्या अभ्यासक्रमात झाला आणि स्टुडिओ या शब्दाचा अर्थही विस्तारला. ड्यूसलडॉर्फ येथील कला अकादमीत बेर्न्ट बेखर (१९३१–२००७) याची १९७६ मध्ये प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्याची पत्नी हिला (१९३४–२०१५) ही त्याच्या सर्व कलाकार्यात बरोबरीची भागीदार होती. नेमणूक मात्र त्याच्या एकट्याच्या नावे होती. कांडिडा होफर, टोमास श्ट्रूट, आंड्रेआस गुर्स्की व टोमास रूफ हे त्याच्या वर्गातून पुढे आले. रूफने १९८१ पासून आपल्या सहाध्यायांचीच साध्या पार्श्वभूमीवर, निर्विकार मुद्रेची व्यक्तिचित्रे घेतली व १९८६ पासून ती सु. दोन मीटर उंचीच्या आकारात सादर केली. ग्राहकाची वाट न पाहता विद्यार्थ्याने स्वतःच विषय ठरवावा, त्यावर वर्षानुवर्षे काम करावे आणि तयार प्रती कलादालनातून विकाव्यात, अशी नवी व्यवस्था त्यातून रूढ झाली.

भारतात होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. छायाचित्रण त्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून शिकल्या. त्यांची प्रारंभीची चित्रे माणेकशा यांच्याच नावाने प्रसिद्ध झाली होती. पुढे भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना मान्यता मिळाली व २०११ मध्ये पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव करण्यात आला. भारताच्या १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमानुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती ही त्याची कर्ती ठरते. परंतु नोकरीचा भाग म्हणून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क सामान्यतः मालकाकडे, तर मोबदला देऊन काढविलेल्या चित्राचा पहिला हक्क, विरुद्ध करार नसल्यास, काढविणाऱ्याकडे जातो. म्हणूनच व्यवसायाच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्याला लेखी कराराचे महत्त्व भिंग व प्रकाश यांच्या ज्ञानाइतकेच असते.

अंकीय तंत्रामुळे अंधारखोली, रसायने व काचेचे छप्पर यांची गरज बहुतांशी संपली आहे. ज्या कौशल्यासाठी पूर्वी वर्षानुवर्षांची उमेदवारी लागे, त्यातील बराच भाग आता यंत्र स्वतःच करते. मात्र त्यामुळे स्वतंत्र होणे सोपे झाले, असे म्हणता येत नाही. कारण जे सर्वांना साध्य झाले आहे, त्याच्या बळावर कोणाचीही वेगळी ओळख निर्माण होत नाही. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यापासून टोमास रूफपर्यंतच्या इतिहासाचा विचार करता असे दिसते, की शिक्षणाने विद्यार्थ्यास हात दिला; भांडवल नोकरीतून, वारशातून, मित्रांकडून वा भागीदारीतून उभे राहिले; परंतु काय पाहावे व कोणासाठी पाहावे, हा निर्णय ज्याने स्वतः घेतला आणि आपल्या कामाखाली आपले नाव राखले, त्याचाच स्टुडिओ खऱ्या अर्थाने स्वतंत्र ठरला.